फक्त सही राहिलीय

आई गेली त्यानंतर महिना-दीड महिन्यानं तिच्या नावावरचा मोबाइल नंबर बंद करायचा होता. कंपनी कुठली ते जाऊ द्या, सगळ्या सारख्याच. आधी एक दाबा, मग तीन दाबा, मग भाषा निवडा, मग बराच वेळ तेच ते संगीत. शेवटी एक मुलगी फोनवर आली. आवाज गोड, उच्चार स्वच्छ, कुठं अडखळणं नाही. मी म्हणालो, "माझ्या आईचं निधन झालंय. तिचा नंबर बंद करायचाय." पलीकडून लगेच उत्तर आलं, "ओके सर, परफेक्ट! मृत्यूचा दाखला आहे का आपल्याकडे?"

दाखला होता. 'आहे' म्हणालो तर 'ग्रेट' म्हणाली. कागदपत्रं कुठं द्यायची ते सांगितलं आणि फोन ठेवताना म्हणाली, "मी आपली अजून काही मदत करू शकते का? आपला दिवस आनंदात जावो." बायकोला सांगितलं तर ती आधी हसली, मग 'अगं बाई' म्हणून गप्प झाली. त्या पोरीवर राग काढण्यात काही अर्थ नव्हता. तिच्यासमोर वाक्यं लिहून ठेवलेली असणार, घड्याळ लावलेलं असणार, मागून कुणीतरी ऐकत असणार. माणूस काही का सांगेना, आधी गोड बोलायचं, हे तिच्याकडून घोटून घेतलेलं असणार. पण तो 'परफेक्ट' काही डोक्यातून जाईना. व्हाउचर लिहिताना, सात रस्त्याच्या सिग्नलला थांबल्यावर, रात्री कूस बदलताना तोच. कुणी तोंडावर वाकडं बोललं असतं तर एव्हाना विसरलोही असतो.

तेव्हापासून मी माणसांच्या तोंडातली वाक्यं जरा जास्तच लक्ष देऊन ऐकायला लागलो. ही काही चांगली सवय नव्हे. समोरचा जीव तोडून काही सांगत असतो आणि आपण त्यातला एकच शब्द धरून बसलेलो असतो.

भेटायला येणाऱ्यांचंच घ्या. आई ऐंशीच्या पुढची होती, शेवटचं वर्षभर अंथरुणात होती. म्हणजे 'सुटल्या बिचाऱ्या' हे ठरलेलंच. 'सोनं झालं म्हातारीचं' हेही. गल्लीतल्या बायका दारातनं आत येता येताच 'वय किती होतं हो?' विचारायच्या आणि आकडा ऐकला की त्यांच्या चेहऱ्यावर एक हिशेब पुरा झाल्यासारखं दिसायचं. माझ्या पुण्याच्या मेहुणीला याचा फार राग आला. 'वय विचारतात म्हणजे काय, वय झालं म्हणजे माणूस कमी का लागतं?' तिचं बरोबरच होतं. मला मात्र या वाक्यांचा त्रास झाला नाही. ती वापरून वापरून इतकी गुळगुळीत झालीत की कुठं रुततच नाहीत. रुतलं ते वेगळंच. चांगले शिकले-सवरलेले, मोठ्या हुद्द्यावरचे दोघं-तिघं येऊन गेले. माझा हात हातात घेतला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "काही लागलं तर हक्कानं सांग." आता काय सांगणार? कधी सांगणार? त्यांना रात्री दहाला फोन करून 'दहाव्याला शंभर माणसं येतील, भांडी कमी पडतायत' असं सांगितलं असतं तर? सांगणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, आणि त्या ठाऊक असण्यावरच ते वाक्य उभं होतं.

आमच्या समोर एक अण्णा राहतात. तेलुगू, सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचे चार पॉवरलूम होते, आता दोनच चालतात. आई गेली त्या दिवशी आमच्याकडं चूल पेटायची नव्हती. अण्णा दुपारी आले, आईच्या फोटोकडं क्षणभर बघितलं, मग माझ्याकडं वळून जवळजवळ ओरडलेच, "जेवलास का बे?" नाही म्हणालो. "मग काय करूलालास इथं बसून? ऊठ." हातात स्टीलचा डबा. त्यात ज्वारीच्या भाकरी, तेल सुटलेली शेंगाची चटणी आणि एका कागदात फोडलेला कांदा. डबा उघडून माझ्यासमोर ठेवला आणि मी दुसरी भाकरी घेईपर्यंत हलले नाहीत. जाताना 'येतो' म्हणाले नाहीत, सांत्वनाचं तर अवाक्षर नाही.

मेहुणीनं तो 'बे' ऐकला होता. "असल्या दिवशीसुद्धा?" ती म्हणाली.

आता या 'बे'चं काय करायचं? सोलापूरबाहेर आमचा हा शब्द फार बदनाम आहे. साडू तर गंमत म्हणून दर भेटीत 'काय बे, काय करूलालास बे' करून दाखवतो. त्याला वाटतं ही आमची नक्कल आहे, पण जिथं आम्ही 'बे' कधीच लावणार नाही नेमका तिथं तो लावतो. वडीलधाऱ्याला 'बे' नाही, अनोळखी बाईला नाही, ज्याचं देणं बुडवायचंय त्याला तर मुळीच नाही. त्याला 'अहो साहेब'. पोरगा शिकायला पुण्याला गेला तेव्हा पहिल्या सहामाहीत त्यानं 'बे' टाकला. रूमवरचे हसतात म्हणे. फोनवर 'हो ना', 'अरे यार' करायला लागला. सुट्टीला आला की एसटीतनं उतरल्यावर रिक्षावाल्याशी घासाघीस करताना त्याचा 'बे' परत यायचा, तेव्हा मला बरं वाटायचं. आता तो 'ॲक्च्युअली'वर आहे. प्रत्येक वाक्याच्या आधी. 'ॲक्च्युअली, आमटी छान झालीय.' म्हणजे एरवी काय होती?

कॉलेजात भाषा शिकवणारा एक मित्र आहे. त्याच्यापुढं हे सगळं काढलं तर त्यानं मला मालिनोव्स्की ऐकवला. हा मूळचा पोलंडचा मानववंशशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला, आणि १९२३ साली त्यानं एका निबंधात मांडलं की माणसं पुष्कळदा बोलतात ते काही कळवायला नव्हेच, नुसतं एकमेकांशी बांधलेलं राहायला. हवापाण्याच्या गप्पा, 'काय, कसं काय', सगळं त्यातलंच. हे समजायला सोलापूरकराला बेटावर जायची गरज नाही. इथं कन्नड बोलणारा भेटला की 'ऊटा आयता?' विचारतो, पूर्व भागात 'तिन्नावा?' विचारतात, आम्ही 'जेवलास का?' विचारतो. तिन्हींचा अर्थ तोच, आणि कुणालाच आपल्या पोटाची चौकशी करायची नसते. मित्र म्हणाला, "मग तुझ्या त्या पोरीचं 'परफेक्ट'सुद्धा त्यातलंच. उगाच मनाला लावून घेतोस." मी म्हणालो, बांधायला दोन टोकं लागतात. तिच्या टोकाला कोण होतं? तो हसला. त्याच्याकडंही उत्तर नव्हतं, किंवा असलं तरी चहा आला होता.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे वसुलीचे फोन. त्यामुळं गोड वाक्यांची पारख मला जरा जास्त आहे असं मी समजतो. माल गाठी बांधून ट्रान्सपोर्टला जातो, बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती पोचते, माल उतरतो, आणि मग वाक्यं सुरू होतात. 'चेक रेडी आहे, फक्त सही राहिलीय.' याचा अर्थ चेकबुक अजून कपाटात आहे. 'शेठ बाहेरगावी आहेत' म्हणजे शेठ शेजारी बसलेत आणि मान हलवतायत. 'आजच आरटीजीएस करून टाकतो' यात घात आहे तो 'टाकतो'मध्ये. जो खरंच करणार असतो तो 'करतो' म्हणतो आणि खाते नंबर परत विचारतो. 'तुमचंच पहिलं काढणार' हे प्रत्येकाला सांगितलं जातं. 'पैसे कुठं पळून चाललेत का?' हे सगळ्यात वाईट. याच्यानंतर खरंच पळतात. आणि 'आपल्यात काय हो, घरचंच आहे' असं कुणी म्हणालं की मी वहीत त्याच्या नावापुढं पेन्सिलनं बारीक फुली मारून ठेवतो. मालकांना ते माहीत आहे.

इकडं सूतवाल्याला रोख लागतात, कामगारांचा पगार आठवड्याला करायचा असतो, आणि विकलेल्या मालावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भरावाच लागतो, पैसे आलेले असोत-नसोत. लहान उद्योगांना संरक्षण म्हणून २००६ चा कायदा आहे. करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. बरीच वर्षं ते कागदावरच होतं. मग १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या ४३ब कलमातलं नवं पोटकलम लागू झालं. सूक्ष्म-लघू उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला ते प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खर्चात धरता येतात, आधी नाही. ते लागू व्हायच्या तोंडावर, त्या मार्चमध्येच फोनवरची भाषा पालटली. जे वर्षानुवर्षं 'घरचंच आहे' म्हणत होते ते विचारायला लागले, 'तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे का हो?' म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद. आवाजात गोडवा नाही, काही नाही. कोरडा प्रश्न. मला त्या मार्चअखेरीइतकं समाधान नोकरीत क्वचित मिळालंय.

माझ्या गिऱ्हाइकांत एक म्हातारा व्यापारी होता. तोंडाचा फाटका. फोन उचलला की आधी दोन शिव्या. एकदा म्हणाला, "पैसे नाहीत. माल पडून आहे. दिवाळीपर्यंत फोन केलास तर उचलणार नाही. पाडव्याला बोल." पाडव्याला सकाळी त्याचाच फोन आला, खात्यात बघ म्हणून. आता यावरून तोंडाळ तेवढे सगळे सरळ, असं म्हणावं तर तसंही नाही. शिव्या घालून बुडवणारेही मी पाहिलेत, आणि अगदी मृदू बोलून वेळेवर पैसे देणारा नाशिकचा एक व्यापारी आहे, त्याच्या मृदूपणाची मला अजून धास्ती वाटते. पण एकंदर हिशेब मांडला तर कडू बोलणारे पदरात काही ना काही टाकून जातात. निदान नकार तरी टाकतात, आणि नकारावर माणसाला पुढची जुळवाजुळव करता येते. 'फक्त सही राहिलीय'वर करता येत नाही.

लहानपणी मला सगळ्यात नको वाटायचं ते आईचं 'बघू'. चपला फाटल्या, 'बघू'. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसायचंय, 'बघू की'. शाळेची सहल, 'बघू म्हणलं ना'. आई घरी टॉवेलच्या शिलाईचं काम करायची. डझनावर पैसे, हिशेब शनिवारी. संध्याकाळी ती मशीनवर बसलेली असायची, कडेला न शिवलेल्या टॉवेलांचा ढीग, दुसरीकडं शिवलेल्यांचा, आणि घरभर सुताची बारीक लव. आमटीत, अंथरुणात, आमच्या केसांत. तिच्या 'बघू'चा इतका तिटकारा यायचा की मी मोठ्यानं तिच्यादेखत वेडावून दाखवायचो. ती मशीन थांबवायची नाही. पण शनिवारी रात्री कधी कधी चपला यायच्या. आणि ज्या गोष्टी यायच्याच नसायच्या त्यांना ती पहिल्याच दिवशी 'नाही' म्हणायची, सायकलीला म्हणाली होती तशी. 'नाही' आणि 'बघू' या तिच्याकडं दोन वेगळ्या पेट्या होत्या, आणि मला त्या एकच वाटायच्या.

शहराचं म्हणून एक 'बघू' असतं. त्याचं सरकारी रूप म्हणजे 'लवकरच'. या शब्दानं आमच्या गावाला जेवढं पिडलंय तेवढं उन्हानंही पिडलं नसेल, आणि सोलापूरचं ऊन काय चीज आहे ते सांगायला नको. विमान लवकरच उडणार, हे मी ऐकत आलो तेव्हापासून माझ्या डोक्यावरचे केस गेले. मग विमानाच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी चर्चेत आली, गावात दोन तट पडले, आणि १५ जून २०२३ ला ती पाडली. आम्ही आमच्या टॉवेलच्या कारखान्याच्या गच्चीवरून बघितलं. आधी आवाज, मग ती कंबरेत वाकल्यासारखी झाली, मग नुसती धूळ. शेजारी उभा असलेला वॉचमन म्हणाला, "झालं. आता लवकरच." गोव्याचं पहिलं विमान उडालं ते ९ जून २०२५ ला. जवळजवळ दोन वर्षांनी. उडालं हे खरं, आणि मला आनंदही झाला. पण त्या आनंदात एक थकवा होता, मुलगी उशिरा उजवलेल्या बापाला असतो तसा.

२०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आमचं नाव आलं, तेव्हापासून 'स्मार्ट' आहेच. रस्ता खणला की स्मार्ट, बुजवला की स्मार्ट. फ्लेक्सवरच्या 'भावी नगरसेवक', 'कार्यसम्राट', 'हक्काचा माणूस' यांबद्दल लिहीत नाही, त्यांना आता पावसाळ्यातल्या चिलटांइतकंच मनावर घेतो. 'ओरिजिनल सोलापुरी' मात्र जिव्हारी लागतं. सोलापुरी चादरीला आणि इथल्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरच्या बाजारात पानिपतची चादर 'ओरिजिनल सोलापुरी' म्हणून गळ्यात मारतात. पंढरपूरच्या वाटेवर एका दुकानदारानं मलाच ती दाखवली. मी कडा उलटून बघितला, वजन हातात घेतलं, म्हणालो, "ही आमच्याकडची नाही." तो अजिबात न बिचकता म्हणाला, "काका, तुम्हाला ओरिजिनलमधलं ओरिजिनल पाहिजे काय? आहे की आत."

त्याचा राग आला नाही. का, ते अजून सापडलं नाही.

पाण्याचं सांगतो आणि थांबतो. उजनी शंभर टक्के भरलं की पेपरात फोटो येतो, सांडव्यावरचं पाणी, सेल्फी काढणारी पोरं. आमच्या नळाला मात्र चार दिवसांआड, कधी पाच, कधी मध्येच काही फुटलं तर त्याहून जास्त. गेल्या उन्हाळ्यात असंच लांबलं. गल्लीतल्या बायकांनी गलका केला तेव्हा पाण्याच्या कामावरचा एक तरुण साहेब आला, चांगल्या घरचा, नम्र पोरगा. हात जोडून म्हणाला, "होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तांत्रिक अडचण आहे. आपण समजून घ्यावं. लवकरच पुरवठा सुरळीत होईल." एका दमात चारही. मी मनातल्या मनात चार फुल्या मारल्या. बायकाही जरा निवळल्या, साहेब गोड बोलला की माणूस निवळतंच. कोपऱ्यावरच्या घरातली अव्वा पायरीवर बसून ऐकत होती. घरी कन्नड बोलणारी, नव्वदीला टेकलेली, समोर रिकाम्या घागरी. ती म्हणाली, "लवकरच म्हंजे कंदी रे?"

"अव्वा, पंपाचं काम चालू आहे, ते झालं की..."

"त्ये ऱ्हाऊ दे. वार सांग."

"तसा वार सांगता येत नाही, अव्वा. तांत्रिक..."

"तुला वार येत न्हाईत का?"

सगळे हसले. पोरगा लाल झाला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि 'गुरुवार' म्हणाला. अव्वानं नातवाला सांगून त्याचा नंबर घेतला. गुरुवारी दिवसभर ती घागरी मांडून बसली. पाणी आलं नाही. रात्री अकराच्या सुमाराला तिनं नातवाला फोन लावायला लावला आणि कानडीत जे काही सुनावलं ते मला सगळं कळलं नाही, पण बहुतेक गल्लीला कळलं. शुक्रवारी पहाटे नळ फुसफुसला. पुढच्या खेपेला तो पोरगा मोटारसायकलवरून गल्लीत शिरला तो थेट अव्वाच्या पायरीपाशी थांबला आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाला, "अव्वा, सोमवार. पहाटे चारला."

"चार म्हंजे चार?"

"साडेचार धरा," तो म्हणाला.